अमेरिकेंतील पट्टेदार बास व पुलांवरील रात्रीची मासेमारी

शेतकीच्या मासिकांत परदेशच्या एका माशाविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु ज्या माशाची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचा शेतीशीं संबंध पावणेचारशें वर्षांहून जुना आहे. आणि तो प्रथम जुळला तो खताच्या निमित्तानें. इंग्लंडांतून निघून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्लिमथ येथें वसाहत केलेल्या लोकांस मक्याची लागवड ठाऊक नव्हती. १६२१ सालीं टिस्क्वांटम नांवाच्या तेथील मूळच्या रहिवाशानें त्यांस मक्याच्या आळ्यांत बियाण्याबरोबर मासे पुरण्याची रीत दाखविली. आपल्या कोंकणांत माडाच्या बुंध्याशीं तारली घालतात, त्यांतलाच हा प्रकार. मासे विपुल, जमीन हलकी आणि पोटाचा प्रश्न निकडीचा. तेव्हां खाण्याजोगे चांगले मासेही शेतांत जाऊं लागले. अखेर १६३९ सालीं मासॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेनें असा कायदा केला कीं, कॉड व बास हे दोन मासे कोणीं खतासाठीं वापरूं नयेत. माणसाच्या तोंडचें अन्न जमिनींत जाऊं नये एवढाच त्याचा हेतु होता. तथापि माशांच्या बचावासाठीं त्या खंडांत झालेल्या अगदीं आरंभींच्या कायद्यांपैकीं हा एक होय. पुढें १६७० सालीं प्लिमथ वसाहतीनें बास, मॅकरेल व हेरिंग ह्या माशांच्या मासेमारीचें उत्पन्न एका मोफत शाळेकडे लावून दिलें.

ज्या बास माशाच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावयाचा, तोच मासा आज समुद्रकांठच्या पुलांवर हौशी लोकांस रात्र रात्र जागवितो. ही रात्रीची मासेमारी कशी चालते, मासा पुलाच्या सावलींतच कां उभा राहतो, आणि इतक्या खटपटीनें धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडून देण्याविषयीं तिकडील सरकारें एवढीं कडक कां झालीं आहेत, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम माशाची ओळख. ह्याच्या रुपेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर पट्टे ओळीनें गेलेले असतात, म्हणून त्यास पट्टेदार बास म्हणतात. उत्तरेकडील न्यू इंग्लंड प्रांतांत त्याचें नांव ‘स्ट्रायपर’. चेसापीक उपसागराच्या कांठीं त्यालाच ‘रॉकफिश’ म्हणतात. अंगानें तो भरदार व तोंडानें मोठा असतो. पांच-दहा पौंडांचा मासा ही नेहमींची गोष्ट. २०११ सालीं कनेटिकट संस्थानच्या किनाऱ्यालगत गळाला लागलेला एक मासा जवळजवळ ८२ पौंडांचा भरला, आणि १८९१ सालीं उत्तर कॅरोलिनांत १२५ पौंडांचा मासा जाळ्यांत सांपडल्याची नोंद आहे. मादी तीस वर्षांपर्यंतही जगते.

हा राहतो समुद्रांत, पण अंडीं घालावयास वसंत ऋतूंत नदीच्या गोड्या पाण्यांत चढतो. मृगाच्या पहिल्या पावसांत ओढ्यांतून भातखाचरांत चढणारे, गाभोळीनें फुगलेले चढणीचे मासे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. फरक इतकाच कीं, आपले चढणीचे मासे गोड्या पाण्यांतून गोड्याच पाण्यांत जातात. बास मात्र खाऱ्यांतून गोड्यांत येतो. पेण-अलिबागकडील शेतकरी खाजणालगतच्या तळ्यांत जो जिताडा वाढवितात, त्याची रीत नेमकी उलटी: तो गोड्या पाण्यांत वाढून अंडीं घालण्यासाठीं खाडीच्या मुखाकडे उतरतो. बासचीं अंडीं पाण्यांत धड तरंगतही नाहींत व धड बुडतही नाहींत. प्रवाहानें त्यांस दोन दिवस अधांतरीं वाहवीत ठेविलें तरच तीं फुटतात. पाणी थांबलें कीं तळच्या गाळांत बसून गुदमरतात. म्हणून ह्या माशाला नुसती नदी पुरत नाहीं, वाहती नदी लागते. अटलांटिक किनाऱ्यावरील बहुतेक बास चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. हडसन, डेलावेअर व रोनोक ह्या नद्यांचा वांटा त्यानंतरचा. मोठे मासे अंडीं घालून झाल्यावर उन्हाळ्यांत किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस मेन संस्थानापर्यंत जातात व थंडी पडूं लागली म्हणजे पुन्हां दक्षिणेस उतरतात. ह्या येण्याजाण्याच्या वाटेवर खाड्यांचीं मुखें, आणि मुखांवर पूल.

आतां पुलाकडे वळूं. खाडीवर पूल बांधला म्हणजे पाण्यांत दोन गोष्टी नव्यानें उत्पन्न होतात. पहिली खांबांमुळें. भरती-ओहोटीचें पाणी दोन खांबांमधून जातांना आंवळलें जाऊन त्याची ओढ वाढते, पण खुद्द खांबाच्या पुढें व मागें पाण्याचा जोर मोडतो. अशा मोडत्या पाण्यांत माशाला फारसे कष्ट न करितां उभें राहतां येतें व शेजारून वाहणाऱ्या पाण्यांतील भक्ष्यावर नजर ठेवितां येते. खांबांना शिंपले व कालवें चिकटतात, त्यांच्या आश्रयास खेकडे व बारीक मासे येतात, म्हणजे घराशींच कोठार झालें.

दुसरी गोष्ट दिव्यांमुळें, आणि रात्रीच्या मासेमारीचें सगळें मर्म तिच्यांत आहे. पुलावर ओळीनें लावलेल्या दिव्यांचा उजेड पुलाच्या दोहों बाजूंस पाण्यावर पडतो. पुलाच्या पोटाखालीं मात्र काळोख राहतो. उजेड व काळोख ह्यांच्यामध्यें पाण्यावर सुतानें आंखल्यासारखी एक कड दिसते. उजेडाकडे पाण्यांतील सूक्ष्म जीव ओढले जातात, त्यांच्यामागें बोटभर लांबीचे रुपेरी मासे येतात, तारलीच्या जातीची मेनहॅडेन मासळी येते. हीं सर्व पाण्याच्या ओढीबरोबर पुलाकडे वाहत असतात. बास त्या कडेच्या आंत, काळोखांत हात-दोन हात अंतरावर, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. उजेडांतील माशाला काळोखांतील कांहीं दिसत नाहीं. काळोखांतल्याला उजेडांतलें सर्व दिसतें. रात्रीं ओटीवर कंदील लावून बसलेल्या माणसास अंगणांतला चोर दिसत नाहीं, पण चोराला ओटीवरील मंडळी मोजतां येतात, तसेंच हें. वाहत आलेला लहान मासा कडेशीं पोंचला कीं बास पुढें झेपावून त्यास गिळतो व मागें वळून पुन्हां आपल्या जागीं येतो. शांत रात्रीं त्याचा ‘चप्प’ असा आवाज पुलावर उभ्या असलेल्या माणसास स्पष्ट ऐकूं येतो.

ह्यावरून गळ कोठें टाकावा हें आपोआप ठरतें. ज्या बाजूनें पाणी पुलाकडे येत असेल त्या बाजूच्या कठड्याशीं उभें राहावयाचें. आमिष समोर उजेडांत, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेंकावयाचें. आणि तें पाण्याबरोबर वाहत कडेपर्यंत येऊं द्यावयाचें. भरती चालू असतांना ही बाजू समुद्राकडील, ओहोटी लागली म्हणजे खाडीकडील. सुमारें सहा तासांनीं पाणी फिरतें व मासेही फिरून दुसऱ्या कडेला जातात. नवशिका मनुष्य मात्र पहिल्याच बाजूस तासचे तास उभा राहतो व माशांना दोष देतो. भरती-ओहोटीच्या मध्यें पाणी स्तब्ध झालें कीं मासे पांगतात, त्या वेळांत जुने लोक खुशाल कॉफी पीत बसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास ओढ अधिक, भांगाच्या दिवसांत कमी. पौर्णिमेस चांदण्यानें सावलीची कड पुसट होते, म्हणून कित्येकजण अमावास्येचें उधाण पसंत करितात. कांहींना हें मुळींच मान्य नाहीं. मासे धरणारांचे मतभेद आपल्याकडील पेरणीच्या नक्षत्रांवरील मतभेदांहून कमी नाहींत.

आमिषांत जिवंत वामीचा मान मोठा. वाम रात्रीं हिंडणारा प्राणी असल्यामुळें रात्रीं ती दिसली तर बासला संशय येत नाहीं. वाम न मिळाल्यास शिशाच्या गोळीला हरणाच्या शेपटीचे पांढरे केंस बांधून केलेलें खोटें आमिष वापरतात. पाण्यांत तें केंस श्वास घेतल्यासारखे हलतात. शिसें किती वजनाचें हें ओढीवर ठरवावें लागतें. हलकें झालें तर आमिष वरच्यावर तरंगून जातें, जड झालें तर तळाशीं अडकतें. बेतशीर असलें म्हणजे खऱ्या माशासारखें पाण्याच्या चालीनें येतें. दोरी फार भरभर गुंडाळल्यास व्यर्थ, कारण प्रवाहाविरुद्ध धांवणारा बारीक मासा बासनें कधीं पाहिलेला नसतो. पाण्यावर विजेची बत्ती टाकणें हें पुलावर असभ्यपणाचें लक्षण समजतात. एकाच्या बत्तीनें सर्वांचे मासे बुजतात.

खरी अडचण मासा लागल्यानंतर येते. त्याची पहिली धांव पुलाखालीं, खांबांच्या रानांत. खांबांवरील कालवांची धार सुरीसारखी. दोरी एकदां घासली कीं तुटलीच. म्हणून येथें दोरी जाड घ्यावी लागते व पहिल्या क्षणींच मासा अडवावा लागतो. बरें, अडविला, दमविला. पण माणूस पाण्यापासून वीस-पंचवीस फूट वर उभा! दोरीनें ओढून वर घ्यावा तर सर्व वजन त्याच्या जबड्यावर येतें व पुष्कळदां मासा मध्येंच निसटून खालीं आपटतो. पूर्वीं लांब दांड्याची आंकडी अंगांत रुपवून तो वर घेत. त्या आंकडीस २०२२ सालच्या नियमांपासून मनाई आहे. आतां रुंद कड्याचें जाळें दोरानें खालीं सोडून त्यांत मासा हळूच वळवून घेतात व जाळ्यासह वर ओढतात. त्यास शेजाऱ्याची मदत लागते, आणि रात्रीं दोन वाजतां पुलावर अनोळखी माणसें एकमेकांचीं जाळीं धरतांना दिसतात, तीं ह्यामुळें.

सर्वच पुलांवर उभें राहावयास मिळतें असें नाहीं. वाहनांच्या रहदारीमुळें पुष्कळ पुलांवर बंदी आहे. चेसापीक उपसागराच्या मुखावर १९६४ सालीं खुला झालेला साडेसतरा मैलांहून अधिक लांबीचा पूल व बोगदा प्रसिद्ध आहे. त्याच्या रस्त्यावरून गळ टाकतां येत नाहीं, म्हणून लोक होड्या घेऊन उजेडाच्या कडेशीं येतात. उलट मेरिलंड संस्थानांत केंब्रिज गांवीं चॉपटँक नदीवर १९३५ सालीं बांधलेला पूल १९८७ सालीं नवा पूल झाल्यावर निकामी ठरला, तेव्हां त्याचे दोन्ही कांठांकडील भाग राखून ते मासे धरणारांस मोकळे करून दिले. जुन्या इमारतीचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

आतां मासा सोडून देण्याची गोष्ट. धंद्यासाठीं धरलेल्या बासचें वजन १९७३ सालीं सुमारें दीड कोटि पौंड होतें. १९८३ सालीं तें ३५ लाख पौंडांवर आलें. दहा वर्षांत चौथ्या हिश्श्याहून खालीं! मासेमारी बेसुमार झाली होती, आणि चेसापीकच्या नद्यांत नवी पैदासही वर्षानुवर्षें नीट होत नव्हती. १९८४ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें असा कायदा केला कीं, जें संस्थान किनाऱ्याच्या एकत्र योजनेप्रमाणें वागणार नाहीं तेथील बासची मासेमारीच मध्यवर्ती सरकारनें बंद करावी. १९८५ च्या जानेवारींत मेरिलंडनें आपल्या हद्दींत हा मासा धरणें पूर्णपणें बंद केलें. ज्यांचें पोट ह्यावर होतें त्या कोळ्यांस हीं वर्षें फार जड गेलीं असलीं पाहिजेत. बंदी १९९० सालीं उठली, आणि १९९५ सालीं हा मासा पूर्वपदास आल्याचें जाहीर झालें. माशांच्या रक्षणाच्या कामांत इतकें स्पष्ट यश क्वचितच मिळतें.

यश टिकलें असतें तर लेख येथेंच संपला असता. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत अंडीं घालणाऱ्या माद्यांचा सांठा पुन्हां ठरीव मर्यादेखालीं गेल्याचें आढळलें. ह्या वेळीं मुख्य भार जाळींवाल्या धंदेवाईकांचा नव्हता, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा होता. आणि त्यांतही आश्चर्याची गोष्ट ही कीं, कांहीं वर्षीं मेलेल्या एकूण माशांपैकीं जवळजवळ निम्मे हे धरून परत सोडलेल्यांपैकीं होते. सोडलेल्या शंभर माशांत सरासरीनें नऊ मरतात असा हिशेब धरलेला आहे. नऊ हा आंकडा लहान दिसतो, पण कोट्यवधि मासे धरून सोडले म्हणजे त्याचें काय होतें हें कोणाही हिशेबी शेतकऱ्यास कळेल. पाणी तापलेलें असतां, गळ पोटांत गेला असतां, किंवा मासा पुलावरून खालीं टाकून दिला असतां मरणाचें प्रमाण वाढतें. म्हणून २०२१ सालापासून सर्व किनाऱ्यावर खऱ्या आमिषाबरोबर गोल वळणाचाच गळ वापरण्याची सक्ति झाली. हा गळ घशांत न रुततां ओढ बसतांच सरकून जबड्याच्या कोपऱ्यांत अडकतो. सोडावयाचा मासा पुलावरून फेंकूं नये, त्याच जाळ्यांतून पाण्यापर्यंत उतरवावा, हें जाणते लोक आपण होऊन पाळतात.

कोणता मासा घरीं न्यावा ह्याचें मापही ठरलेलें आहे. समुद्रावर २०२३ सालीं २८ इंचांहून कमी व ३१ इंचांहून अधिक लांबीचा मासा ठेवण्यास मनाई झाली, व दर माणशीं दिवसास एकच मासा ठरला. २०२४ सालीं हें कायम केलें गेलें. उपसागरांत माप निराळें आहे. लहान मासा सोडावा हें कोणासही पटतें. मोठा कां सोडावा? बारा पौंडांची मादी एका हंगामांत सुमारें साडेआठ लाख अंडीं घालते, तर पंचावन्न पौंडांची सुमारें ४२ लाख. पुलावर जो मासा पाहून शेजारी टाळ्या वाजवितात, तोच बियाण्याचा सांठा असतो. शिवाय २०१५ सालची पैदास चांगली झाली होती व त्या पिढीचे मासे तेव्हां नेमके ३१ इंचांपुढें जाऊं लागले होते. त्यांस वांचविणें हा त्या मापाचा उद्देश होता.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि येथें गोष्ट फिरून शेतावर येते. चेसापीक उपसागरास सहा संस्थानें व राजधानीचा मुलूख मिळून सुमारें ६४,००० चौरस मैलांचें पाणी येतें. त्याबरोबर शेतांतील नत्र व स्फुरद येतात, शहरांचें सांडपाणी येतें. परंतु सर्वांत मोठा वांटा शेतीचा आहे. ह्या खतावर पाण्यांत शेवाळ माजतें, तें मरून तळाशीं कुजतें, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. उन्हाळ्यांत खोल पाणी थंड असतें पण त्यांत श्वास घेण्यास कांहीं नसतें. वरच्या पाण्यांत प्राणवायु असतो पण तें तापलेलें असतें. मोठ्या बासला थंडावा हवा असतो. तो ह्या दोहोंच्या मध्यें कोंडला जातो, आणि अशा दिवसांत गळानें दमविलेला मासा काळजीनें सोडला तरी पुष्कळदां वांचत नाहीं. १६३९ सालीं मासा शेतांत जाऊं नये म्हणून कायदा करावा लागला. २०१० सालीं शेतांतलें खत माशाकडे जाऊं नये म्हणून मध्यवर्ती सरकारास नत्र, स्फुरद व गाळ ह्यांच्या मर्यादा बांधून द्याव्या लागल्या.

मेरिलंडमध्यें ह्यावर जो उपाय चालू आहे तो आमच्या वाचकांस पटण्याजोगा आहे. मका व सोयाबीन निघाल्यावर जमीन उघडी न ठेवतां शरद ऋतूंत राय, गहूं किंवा जव पेरतात. हें पीक दाण्यासाठीं नव्हे. मक्यानें न घेतलेलें नत्र थंडीच्या पावसानें वाहून जाण्यापूर्वीं मुळांनीं उचलून धरावें म्हणून. पेरणीबद्दल सरकार शेतकऱ्यास एकरीं पैसे देतें. वसंतांत तेंच हिरवें पीक मारून त्यांतील नत्र पुढील पिकाच्या कामीं येतें. विकत घेतलेलें खत नदींत जाऊं देण्यापेक्षां हा व्यवहार शेतकऱ्याच्याही फायद्याचाच आहे.

वर सांगितलेली चॉपटँक नदी अशाच मक्या-सोयाबीनच्या शेतांमधून वाहते, आणि तीच बासच्या पैदाशीची एक मुख्य नदी आहे. मेरिलंडचे अधिकारी १९५४ सालापासून दर उन्हाळ्यांत उपसागराच्या नद्यांतील ठरीव जागीं शंभर फूट लांबीचें जाळें ओढून त्या वर्षीं जन्मलेलीं बासचीं पिलें मोजतात. हल्लीं अशा २२ जागा आहेत. दर ओढीस सरासरीनें अकरा पिलें हें आजवरचें प्रमाण. २०२३ सालीं दर ओढीस एक आलें, २०२४ सालीं दोन. केंब्रिजच्या जुन्या पुलावर दिव्याखालीं उभ्या असलेल्या मनुष्यास ही उणीव त्या वर्षीं दिसत नाहीं. त्याच्या गळाला लागणारे मासे आधींच्या पिढ्यांचे असतात. पिलाचा २८ इंचांचा मासा होण्यास सहा-सात वर्षें लागतात, आणि त्या सालच्या रिकाम्या जाळ्यांचा हिशेब सावलीच्या कडेवर तेव्हां लागेल.